साठ झाडांची अट

२ मे १९३६, झरी

परभणी जिल्ह्यातल्या शेतकरी बापांनो, तुमच्या लेकींना चार अक्षरं शिकवायची तर तुम्हाला सरकारात अर्ज करावा लागतो, आणि तो अर्ज ज्या भाषेत फेटाळला जातो ती भाषा तुम्हाला वाचता येत नाही.

हे वाक्य आज सकाळी तोंड धुताना सुचलं. ऐकायला गोठ्यातली म्हैस तेवढी होती. कालपासून माझ्यावर जबानबंदी लागू झाली आहे. सहा महिने जमावापुढे बोलायचं नाही, झरीची शीव ओलांडायची नाही, दर शुक्रवारी चावडीवर हजेरी द्यायची. पाचांहून जास्त माणसं म्हणजे जमाव. मोडलं तर तुरुंग. सेलूच्या कापूस बाजारात मी दीड तास बोललो त्याचं हे बक्षीस. वकिली सेलूत राहिली, पुस्तकांच्या दोन पेट्या घेऊन मी गावी आलो. बोलता येत नाही म्हणून ही वही.

शाळेचा अर्ज तीनदा परत आला. तिन्ही वेळा उर्दूतला शेरा एकच, जागा नाही. आमच्या ओसरीवर माझी बायको पद्मजा अकरा मुलींना शिकवते, पण ओसरी सरकारच्या लेखी जागा नव्हे. आता मात्र तहसिलीतून एक हुकूम आला आहे. गायरानाला लागून असलेली दोन एकर पड जमीन बागेसाठी मिळते. अट अशी की दहा ऑगस्टला महसुलाचा गिरदावर मुआयन्याला, म्हणजे पाहणीला, येईल तेव्हा तिथे साठ झाडं जिवंत उभी पाहिजेत. साठ भरली तर जमीन आपली, आणि जागा आहे म्हटल्यावर शाळेचा अर्ज अडवायला कुणाला निमित्त राहणार नाही. एकोणसाठ भरली तर जमीन परत. असा हुकूम पुन्हा निघत नाही.

अर्ज पद्मजाच्या नावाने केला होता, कारण माझं नाव पाहिलं की कागद पुढे सरकत नाही. नाव तिचं. काम अर्थातच माझं.

९ मे

पुण्याहून मागवलेलं बागकामाचं पुस्तक दोन दिवसांत संपवलं. विषय स्वच्छ मांडला आहे. खड्डा दोन हात लांब, दोन रुंद, दोन खोल. महिनाभर उन्हात तापू द्यायचा, तळाशी पालापाचोळा, वर कुजलेलं शेणखत आणि पोयटा. साठाची अट आहे, मी बहात्तर खड्डे आखले. खणायला सटवाजी आणि त्याचे दोन भाऊ आहेत. सटवाजी आमच्या शेताचा वाटेकरी. तो फार बोलत नाही, म्हणून श्रोता चांगला.

दुपारी चतुराबाई माळीण येऊन काठाशी उभी राहिली. टेकाडावर तिची लिंबा-पेरूची बाग आहे, नवरा गेल्यापासून ती एकटी पाहते. खड्ड्यात वाकून तिने भिंतीवरून हात फिरवला. कुदळीने त्या भिंती सारवल्यासारख्या गुळगुळीत झाल्या होत्या.

"वकीलसायब, काळ्या रानात खड्डा म्हंजी रांजण. आत गेलेलं पाणी जाईल कुटं?"

मी म्हणालो, मुळांना.

"मुळं काय म्हशी हायती, पाण्यात बसून ऱ्हायला?"

तिचं म्हणणं असं की खड्डा करूच नये. मुरूम टाकून हातभर उंचवटा करावा आणि झाड त्यावर बसवावं. ही स्वतः टेकाडावर राहते, म्हणून हिला मुरमाचं प्रेम. मी तिला ज्ञान आणि रूढी यांतला फरक थोडा समजावून सांगितला. थोडा म्हणजे सटवाजीच्या भाकरीची वेळ टळून गेली. श्रोते चारच होते, जबानबंदी मोडली नाही. शेवटी ती म्हणाली, "तुमी लय वाचलंय, मला तर वाचताबी येत न्हाई," आणि गेली. पटलं असावं.

२० मे

खड्डे झाले. उन्हाने माती अशी तडकली आहे की भेगेत हात कोपरापर्यंत जातो. माझ्या तळहातांना फोड आले. मी एकूण तीन खड्डे खणले, बाकीचे एकोणसत्तर सटवाजी आणि भावांनी.

एक गोष्ट इथेच लिहून ठेवतो, कुणाला सांगता येणार नाही. वीस दिवस मी जाहीर बोललो नाही आणि मला स्वतःचा विसर पडल्यासारखं झालं आहे. समोर माणसं असली की मला काय वाटतं ते मला कळतं. नसली की नुसती घरघर. उद्या जबान कायमची गेली तर माझ्यापाशी काय उरेल? पद्मजाला हे विचारलं असतं, पण ती मुलींच्या पाट्या पुसत होती.

११ जून

परभणीहून दोन गाड्या भरून रोपं आली, लहान मडक्यांतून. कडुलिंब वीस, चिंच बारा, जांभूळ दहा, सीताफळ पंधरा, आंबा दहा, कवठ पाच. कुंपणाला मेंदीच्या काड्या. मृग बरा लागला आहे, जमीन मऊ आहे. पहाटेपासून लावणी चालली. प्रत्येक मडकं फोडताना सटवाजी पुटपुटत होता. विचारलं तर म्हणाला, "सॉरी म्हणायलोय त्येला. घर मोडायलो की." हा इंग्रजी शब्द त्याने माझ्याकडूनच उचलला आहे.

बहात्तर झाडं. संध्याकाळी बांधावर उभा राहिलो तेव्हा छाती भरून आली. ही माझी सभा. बहात्तर श्रोते, सगळे उभे, एकही उठून जात नाही.

१५ जून

अप्पाराव आला होता. हा आमच्या गावचा पोलीस पाटील, माझ्याच वयाचा, लहानपणी ओढ्यात बरोबर पोहलेलो. आता माझ्या हजेरीचा कागद त्याच्या ताब्यात. या जमिनीवर पिढ्यान्‌पिढ्या त्याची जनावरं चरत आली, कडब्याच्या गंजी लागत आल्या. हुकूम झाल्याने सगळ्यात जास्त नुकसान त्याचं, तेव्हा त्याच्या मनात काय असेल हे कळायला पुस्तक लागत नाही.

बांधावरून फिरला, एका चिंचेपाशी टेकला, माती चिमटीत धरून पाहिली. म्हणाला, "दिनकरराव, झाडं काई टाळ्या वाजवत न्हाईती बरं का. त्येंचं बरं चाललंय का वाईट, आपल्यालाच वळखावं लागतंय."

मी हसलो नाही. त्याची नऊ वर्षांची कावेरी पद्मजाच्या ओसरीवर येऊन बसते. मुद्दाम पाठवलेली असेल. आमच्या घरात कोण येतं-जातं ते घरबसल्या कळतं.

३० जून

सगळ्या झाडांना नवी पालवी. कवठाच्या पाचही रोपांनी माना वर काढल्या. मी पद्मजाला म्हणालो, बघ, पुस्तक हे पुस्तक असतं. ती म्हणाली, "पाऊस अजून कुठे झालाय?"

एक चमत्कारिक गोष्ट. आठ दिवसांत अप्पारावाचं एकही जनावर गायरानावर दिसलं नाही. गुराखी त्यांना लांब ओढ्यापलीकडे नेतो, दीड कोसाचा हेलपाटा. एरवी याची गुरं माझ्या बांधाला तोंड लावून उभी असायची. माणूस अचानक सभ्य वागू लागला की सावध व्हावं. काहीतरी शिजतं आहे.

९ जुलै

चार दिवस झड लागली होती. आज उघडल्यावर बागेत गेलो. पाच-सहा झाडांची पानं खाली लोंबत होती, तहानलेल्या माणसाच्या जिभेसारखी. पायाखाली चिखल, आणि झाडं तहानलेली. हे कसं? पुस्तकात पानं लोंबण्याचं कारण पाण्याची कमतरता असं दिलं आहे. पाण्याची तर कमतरता नाही. मग पाण्यातच कुणी काही घातलं असणार. मिठाचं पाणी ओतलं की झाड असंच मरतं, हे मी कुठेतरी वाचलं आहे. माती जिभेवर ठेवून पाहिली. थोडी खारट लागली, किंवा मला तसं वाटलं. सटवाजीलाही चाखायला लावली. तो म्हणाला, "मातीसारखी लागायलीय."

१३ जुलै

मीठ धुऊन काढण्यासाठी प्रत्येक झाडाला चार-चार घागरी पाणी घातलं. सटवाजी भर पावसाळ्यात पाणी वाहताना माझ्याकडे पाहत होता. त्याच्या चेहऱ्यावर काय होतं ते सांगता येत नाही.

संध्याकाळी पद्मजा पानांविषयी काहीतरी बोलत होती. चतुराबाई म्हणते की, असं तिने सुरू केलं. मी तिला पुस्तकातलं जमिनीच्या क्षारांवरचं प्रकरण वाचून दाखवलं. ती शेवटपर्यंत ऐकत होती. ऐकून झाल्यावर दिवा उचलून आत गेली.

१९ जुलै

सहा झाडं गेली. उपटून पाहिलं तर मुळं काळी, बोटांत धरली की साल निसटते, आणि घाण वास. विष. दुसरं काय?

शुक्रवारी हजेरीला गेलो तेव्हा अप्पारावाने झाडं कशी आहेत असं विचारलं. इतक्या सहज विचारलं की माझा संशय पक्का झाला.

२२ जुलै

नऊ गेली. त्रेसष्ट राहिली. आणखी चार गेली की हुकूम गेला, जमीन गेली, अकरा मुली ओसरीवर. आभाळ पुन्हा भरून आलं आहे.

उद्या पंचमी. पद्मजाने विचारलं, उद्या बागेत जाणार का? म्हणालो, सणाला कशाला जाऊ, उद्या मातीला हात लावायचा नसतो. ती बरं म्हणाली. दिवसभर घरात बसून अप्पारावाविरुद्ध तहसीलदाराकडे द्यायची तक्रार लिहितो.

२३ जुलै, नागपंचमी

गावात नांगर नाही, कुदळ नाही, विळा नाही, घरात चिरणं-कापणं नाही. वारूळ गायरानाच्या पलीकडे आहे. सकाळी पंधरा-सोळा बाया ताटं घेऊन गाणी म्हणत गेल्या. पद्मजा, चतुराबाई, सटवाजीची आई बायनाबाई, आणि नवल म्हणजे अप्पारावाची बायको दगडाबाईसुद्धा. दरवर्षी दुपारच्या जेवणाला परत येतात, आज दिवस कलला तरी पत्ता नाही. झोका खेळत बसल्या असतील.

पद्मजा आली तेव्हा मी तक्रारीच्या सातव्या पानावर होतो. काल हातांवर काढलेली मेंदी मनगटापर्यंत काळी झाली होती. मेंदी चांगली रंगली म्हणालो. तिने हात पदराखाली घेतले. तुमच्याशी बोलायचं आहे म्हणाली. म्हणालो, एवढं पान पुरं करू दे. पान पुरं होईतो ती पाटावरच झोपून गेली होती. सणाची दगदग.

२४ जुलै, सकाळ

उठल्याउठल्या बागेकडे निघालो. पद्मजा मागून हाक मारत होती, आल्यावर बोलू म्हणालो.

तेवीस झाडं नाहीत. मेलेली नाहीत, नाहीशी. तेवीस खड्डे उघडे, काठोकाठ पाण्याने भरलेले, आत बेडूक. ताजी माती बाजूला. काठावर कुदळीचा घाव कुठेच नाही.

मी तिथेच बसलो. मग डोकं चालू लागलं. काल पंचमी. झरीतला कुणीही काल जमिनीला हात लावणार नाही, जीव गेला तरी. म्हणजे हे हात झरीचे नाहीत. बाहेरून माणसं आणली. पंचमीचा दिवस निवडला, कारण त्या दिवशी रानात कुणी नसतं आणि गावावर संशय येत नाही. असा हिशेब कोण करेल? ज्याची गुरं महिनाभर मुद्दाम दूर ठेवली गेली तो.

आज शुक्रवार. हजेरीला जातो आहे.

२४ जुलै, दुपार

झालं ते जसंच्या तसं लिहितो.

सणाची दुसरी सकाळ, रानं ओली, कुणाला काम नाही. चावडीवर चाळीसएक माणसं होती. परभणीहून हजेरी न्यायला आलेला जवान खाटेवर बसला होता. अप्पारावाने नेहमीसारखा कागद पुढे केला. मी कागद घेतला नाही.

मी बोललो. तीन महिन्यांचं साठलेलं बाहेर आलं. गायरान, गंजी, गुरं, मीठ, सगळं एकापुढे एक उभं केलं. लोक श्वास धरून ऐकत होते, आणि खोटं कशाला लिहू, मला बरं वाटत होतं. आवाज अजून आहे, असं वाटत होतं.

अप्पाराव मधेच उठला. माझ्या अगदी जवळ येऊन हळू म्हणाला, "बसा, दिनकरराव. मी अजून काई ऐकलं न्हाई. बसा."

भ्याला, असं मला वाटलं. मी आवाज चढवला. म्हणालो, "ज्या दिवशी झरीचा कुणबी मातीला नख लावत नाही, त्या दिवशी या माणसाने बाहेरचे मजूर आणून तुमच्या लेकींची शाळा मुळासकट उपटली."

जवानाने शेजारच्याला विचारलं, क्या बोल रहे ये? शेजारच्याने सांगितलं. जवान खाटेवरून उठला, माणसं मोजू लागला. सहावर थांबता आलं असतं, तो चाळिसापर्यंत मोजत गेला. अप्पाराव खाली बसला आणि पागोटं काढून मांडीवर ठेवलं. म्हणाला, "आता ऐकलं."

२४ जुलै, संध्याकाळ

घरी आलो तर बातमी माझ्या आधी पोचली होती. पद्मजा दारात उभी. रागाने नव्हे, ती रागावली की मला ओळखू येतं. "चला," एवढंच म्हणाली.

मला टेकाडावर नेलं, चतुराबाईच्या बागेत. लिंबांच्या ओळीमागे मुरमाचे हातभर उंच तेवीस ढीग. प्रत्येकावर एक झाड. माझी झाडं. चिंचेची पानं मिटत होती, संध्याकाळी मिटतात तशीच, जिवंत झाडाची.

मी एकेका ढिगापाशी वाकून तेवीसही मोजली.

चतुराबाई म्हणाली की मुळं सडायला लागली होती, आणखी दोन दिवस थांबलं असतं तर एक हाताला लागलं नसतं. मी तिला विचारलं, पंचमीच्या दिवशी? तिने हात पुढे केले. नखं मुळापर्यंत काळी.

"कुदळ लावली न्हाई. हातानंच उकरलं समद्याजणींनी. नागोबाला बी बाळं असतेत, त्येला कळतंय."

पद्मजाचे हात मी काल पाहिले होते. पाहिले आणि मेंदी म्हणालो.

मग मी विचारलं, एवढा मुरूम कुठून आणला. चतुराबाई पद्मजाकडे पाहू लागली. पद्मजाने सांगितलं, पाटलांच्या मळ्यातल्या टेकाडावरून. परवा दगडाबाईनेच नवऱ्याला विचारलं. तो म्हणाला, पाहिजे तेवढा न्या, वकिलाला आत्ताच सांगू नका, भाषण देईल.

२५ जुलै

अप्पारावाच्या घरी गेलो. तो ओसरीवर दोरखंड वळत होता, उठला नाही. मी उभाच राहिलो. रस्त्यात चार वाक्यं तयार केली होती, एकही आलं नाही. चुकलो, म्हणालो.

तो वळत राहिला. म्हणाला की रपट काल संध्याकाळीच गेली. पटवाऱ्याने लिहिली, खाली अंगठा त्याचा. जवान समोर नसता तर महिनाभर दाबून ठेवली असती, जशा मागच्या दोन ठेवल्या. कुठल्या दोन, असं मी विचारलं. एक सटवाजीच्या भावाच्या लग्नात मी बोललो ती, दुसरी देवळात. वहीतही लिहिल्या नव्हत्या; मला वाटत होतं कुणाला कळलंच नाही.

"गुरं त्या अंगाला नेली ती झाडं ऱ्हावी म्हणून. तुमाला त्यात कट दिसला." मग म्हणाला, "माझी कावेरी परवा कागद घिऊन आली. म्हणली, आबा, ह्ये तुमचं नाव. वीस वरसं मी कागदावर अंगठा लावायलो, नाव कुटं असतंय ते मला ठावं नव्हतं."

त्याची भावकी मात्र अंगणात गोळा झाली होती. त्याच्या चुलतभावाने, चंद्रभानने, मला ऐकू जाईल असं सांगितलं की पाटलाची अब्रू चावडीवर काढणाऱ्याच्या बागेत आमच्या घरची बाई पुन्हा पाऊल टाकणार नाही. अर्धं गाव त्यांच्या भावकीचं आहे.

२८ जुलै

समन्स आलं. चार ऑगस्टला परभणीला हजर व्हायचं. परत कधी येईन ते सांगता येत नाही. मुआयना दहाला.

चतुराबाईने सांगितलं तसं करतो आहोत. खड्डे बुजवायचे, वर मुरमाचा उंचवटा, त्यावर झाड. तिच्या बागेतली तेवीस आधी परत आणायची, तिथे मुळं धरायच्या आत, मग खड्ड्यांतली. एका उंचवट्याला मुरमाच्या बारा पाट्या लागतात. मी, पद्मजा, सटवाजी, त्याची आई आणि चतुराबाई. बाकीच्या बाया येत नाहीत. घरच्या माणसांनी अडवलं आहे. काल बांधापलीकडून दोघी पाहत उभ्या होत्या, मग डोकीवर पदर ओढून गेल्या.

मी पाट्या वाहतो. चतुराबाई म्हणते, "वकीलसायब, वाकताना पाठ नका वाकवू, गुडघा वाकवा." पाठ वाकवायची सवय नाही, म्हणालो. "ती दिसायलीच," म्हणाली.

१ ऑगस्ट

आणखी दोन गेली, दोन्ही आंबे, एक चतुराबाईकडचा, एक खड्ड्यातला. एकसष्ट. उंचवटे झाले सोळा.

दुपारी पाऊस आला तेव्हा लिंबाखाली बसलो असताना एक विचार आला, तो लिहायला लाज वाटते. सेलूच्या बाजारात मी ज्यांच्यावर तुटून पडलो त्यांतले सगळे खरेच तसे होते का? की मला बोलायला समोर एक माणूस लागतो, आणि नसला तर मी तो घडवतो? सगळे खोटे नव्हते. जुलूम खरा आहे, अर्ज तीनदा फेटाळला हे खरं आहे. पण या झाडांना अप्पारावाने मारलं नाही, सरकारने मारलं नाही. दोन हात लांब, दोन रुंद, दोन खोल. त्यांना मी मारलं.

३ ऑगस्ट

उद्या पहाटे जवान येईल. उंचवटे झाले बावीस. एकोणचाळीस झाडं अजून खड्ड्यांतल्या पाण्यात आहेत. आश्लेषाचा पाऊस आजही थांबला नाही. पाच जणांचे आता चार होतील. दिवसाला तीन म्हटले तरी दहा तारखेपर्यंत निम्मीही वर निघत नाहीत, आणि त्याआधी मुळं राहणार नाहीत. हिशेब केला. चारशे अडुसष्ट पाट्या. गावात दोनशे चाळीस घरं.

गावाला सांगायला हवं. आणि सांगायची मला बंदी आहे. आज चावडीवर उभा राहिलो तर उद्याची वाट न पाहता नेतील, आणि भावकीतला एक माणूस ऐकायला थांबणार नाही. सकाळी बसून भाषण लिहिलं, सहा पानं. पद्मजाला म्हणालो, हे कुणाकडून तरी वाचून घे.

तिने उभ्याउभ्या सहाही पानं वाचली. म्हणाली, "जबानबंदी तुमच्यावर आहे. माझ्यावर नाही, मुलींवर नाही." तिचा बेत असा: अकरा मुली अकरा कागद लिहून घेतील आणि आपापल्या आळीत, आपल्या दारात, मोठ्याने वाचतील. कावेरी पाटलाच्या आळीत. आपल्याच घरची लेक वाचते आहे म्हटल्यावर चंद्रभानसुद्धा उठून जाणार नाही, निदान ती काय वाचते ते बघायला थांबेल.

मी म्हणालो, मग हे घे. तिने पानं परत दिली. "हे नऊ वर्षांच्या मुलीला वाचता आलं पाहिजे. आणि यात मुरमाच्या पाट्या पाचव्या पानावर येतात."

पाचदा खोडलं. मधे एकदा दारिद्र्याच्या शृंखला आल्या होत्या, पद्मजाने काही न बोलता त्यावर बोट ठेवलं, खोडल्या. अप्पारावाकडे सटवाजीला पाठवून विचारलं, मुरूम अजून घेता येईल का. त्याने उत्तर पाठवलं की टेकाड कुठं पळून जायला नाही.

मुली ओसरीवर बसल्या आहेत, पाट्या बाजूला ठेवून कागदावर लिहीत आहेत. जे लिहीत आहेत ते असं:

झरीच्या आयांनो, बापांनो. बागेतली झाडं कुणी वैराने उपटली नाहीत. ती माझ्या खड्ड्यांत सडली. अप्पाराव पाटलांवर मी घेतलेला आळ खोटा होता. तो चावडीवर घेतला, म्हणून तुमच्या दारात परत घेतो. माझ्यावर राग धरा, झाडांवर धरू नका. दहा तारखेला साठ झाडं मोजली जातील. आपल्याकडे एकसष्ट आहेत, आणि त्यांतली एकोणचाळीस पाण्यात उभी आहेत. साठ भरली नाहीत तर तुमच्या लेकींना शाळा नाही. उद्या सकाळी गुरं सोडायच्या आधी, घरटी दोन पाट्या मुरूम पाटलांच्या टेकाडावरून उचला आणि बागेत आणून टाका.